बोट खडकावर चढली, आणि आता कंपनी सही मागतेय

पत्र

ताई, मी आणि माझे मिस्टर दोघंही निवृत्त, कोथरूडला राहतो. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलांनी पुण्यातल्याच एका ट्रॅव्हल कंपनीतर्फे आम्हाला युरोपातल्या क्रूझला पाठवलं. तिसऱ्या रात्री जेवताना मोठा धक्का बसला. "जनरेटरचा किरकोळ बिघाड आहे, केबिनमध्ये जा," असं बराच वेळ सांगत होते. मग बोट कलायला लागली आणि लाइफबोटी सोडल्या. सगळे वाचले. उतरताना यांच्या खांद्याला मार बसला. रात्र बेटावरच्या शाळेत काढली. दुसऱ्या दिवशी क्रूझ कंपनीने हॉटेलात ठेवलं, कपड्यांना पैसे दिले आणि विमानाने मुंबईला आणून सोडलं. कंपनीची एक मुलगी दोन दिवस आमच्याबरोबर होती. इतक्या मायेने वागली की निघताना यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यापासून मात्र एक फोन नाही. आता मेल आलाय: क्रूझचे पैसे परत, वर माणशी थोडे युरो आणि पुढच्या क्रूझवर सवलत. सोबत चार पानी फॉर्म, "फुल अँड फायनल". पंधरा दिवसांत सही करून पाठवा, नाहीतर ऑफर रद्द. ट्रॅव्हलवाले म्हणतात, आमचा संबंध नाही, पण सही करून टाका, याहून जास्त कुणालाच मिळत नाही. मुलगा म्हणतो, केस करू. हे म्हणतात, जीव वाचला, देवाची कृपा, आता पैशाच्या मागे लागायचं नाही. पण पहाटे सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की हे दचकून उठतात आणि पलंगावर बसून बूट घालतात.

सामान बोटीतच राहिलं. औषधं, यांचं श्रवणयंत्र, केबिनच्या तिजोरीत माझं मंगळसूत्र. आम्हाला हाताला धरून लाइफबोटीपर्यंत नेणारा वेटर आपल्या सिंधुदुर्गातला होता, त्याचं काय झालं असेल कोण जाणे. पैशाची हाव नाही ताई, पण कुणी साधी माफीसुद्धा मागितली नाही, याचं वाईट वाटतं. ती मुलगी तेवढी खोटं वागली का? आणि सही करू का?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातात दिवस थोडे आहेत, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. फॉर्म आहे तसा सही करून पाठवू नका. नकारही कळवू नका. "ऑफर मिळाली, विचार करतो आहोत, त्यासाठी काही कागद हवे आहेत," एवढंच लेखी कळवून ठेवा. पंधरा दिवसांची मुदत कंपनीने आपल्या सोयीने घातली आहे. कायदा तुम्हाला दोन वर्षं देतो.

जहाजाचं आणि कंपनीचं नाव तुम्ही कळवलंत, ते मी इथे छापत नाही. पण तुमची बोट युरोपीय संघातल्या बंदरातून सुटली होती, ही गोष्ट फार कामाची आहे. समुद्रप्रवाशांच्या हक्कांसाठी अथेन्स करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, मूळ १९७४ चा, २००२ मध्ये सुधारलेला. युरोपीय संघाने तो ३९२/२००९ या नियमाने आपल्या कायद्यात घेतला आणि ३१ डिसेंबर २०१२ पासून लागू केला. बोटीवर संघातल्या देशाचा झेंडा, तिथे झालेला तिकिटाचा करार, किंवा तिथे सुरू होणारा वा संपणारा प्रवास, यांतलं काहीही एक असलं तरी हा नियम लागतो. प्रवासी पुण्याचा की पॅरिसचा, हे तिथे बघत नाहीत.

या करारातलं अठरावं कलम तुम्ही नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात कंपनीने काहीही छापलेलं असो, जबाबदारी झटकणारी किंवा करारातल्या मर्यादेपेक्षा भरपाई कमी करणारी अट रद्दबातल ठरते. मात्र हे संरक्षण अपघाताच्या आधी मान्य केलेल्या अटींपासून आहे. अपघात झाल्यावर तुम्ही वाचून, समजून जी सही कराल, ती तुम्हाला बांधू शकते. तिकीट काढताना तुम्ही न वाचता ज्यावर होकार दिलात, त्यापेक्षा कंपनीला हा चार पानी कागद कितीतरी जास्त उपयोगाचा आहे. आणि तो तुमच्याकडून कधी मागितला जातोय बघा: काकांच्या खांद्याचं पुढे काय होणार हे डॉक्टरांनाही ठाऊक नसताना.

आता त्या मुलीबद्दल. ती खोटं वागली नाही. मोठ्या क्रूझ कंपन्या अशा प्रसंगासाठी खास माणसं तयार ठेवतात. प्रवाशांची मोजदाद करायची, कोरडे कपडे द्यायचे, घरी फोन लावून द्यायचा, दूतावासातून प्रवासाचे कागद मिळवून द्यायचे, विमानात बसवायचं, हे त्यांचं काम. पैशाचा विषय त्यांच्याकडे नसतो, म्हणून त्यांना मोकळ्या मनाने माया करता येते. तुम्ही मुंबईला उतरलात तशी तुमची फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. तिथे क्लेम्स विभाग, वकील आणि विमेवाले बसतात. जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमासंस्था असतात, त्यांना पी अँड आय क्लब म्हणतात. भरपाईचा मोठा भाग त्यांच्या तिजोरीतून जातो, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय तुम्हाला कुणी मनातली एक ओळही लिहीत नाही. माफी तिथेच अडकते. ती कबुली म्हणून कोर्टात दाखवली जाईल, ही धास्ती असते. माणसाच्या दुःखापुढे ही कारणं मला पटत नाहीत. पण त्या मुलीला दिलेला आशीर्वाद परत घेऊ नका.

पूर्वी काय घडलंय ते सांगते, म्हणजे "याहून जास्त कुणालाच मिळत नाही" या वाक्याचं वजन तुमचं तुम्हाला ठरवता येईल. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकाला घासली. बोटीवर ४,२२९ माणसं होती. धडक पावणेदहाला बसली आणि बोट सोडायचा हुकूम निघाला अकराच्या सुमाराला. मधल्या तासाभरात प्रवाशांना विजेचा बिघाड आहे म्हणून सांगत होते. तुमच्या पत्रातलं जनरेटरचं वाक्य वाचून मला तेच आठवलं. त्या रात्रीत ३२ जीव गेले. बेटावरच्या लोकांनी घरं उघडली, चर्च उघडलं, अंगावरची पांघरुणं दिली. कंपनीने दोन आठवड्यांत ऑफर काढली: ज्यांना इजा झाली नाही अशा प्रत्येक प्रवाशाला ११,००० युरो, म्हणजे तेव्हाचे साधारण सात लाख रुपये, शिवाय क्रूझचे पैसे आणि येण्याजाण्याचा खर्च. इटलीतल्या ग्राहक संघटनांशी बोलून ठरवलेली ही रक्कम होती. अट एकच, पुढे दावा करायचा नाही. मुदत मार्चअखेरपर्यंत. म्हणजे कंपनीने तिथे दोन महिने दिले. तुम्हाला पंधरा दिवस दिलेत.

पुष्कळांनी ते पैसे घेतले आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्यांनी नाकारले त्यांच्यातल्या एका प्रवाशाला जिनोआच्या न्यायालयाने मानसिक आघातासाठी सुमारे ७७ हजार युरो मंजूर केले. पण तो निकाल आला २०२२ मध्ये, दहा वर्षांनी. तुमच्या मुलाला हे दोन्ही आकडे सांगा, ७७ हजार आणि दहा वर्षं. कप्तानाला सोळा वर्षांची शिक्षा झाली, तिच्यावर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायला २०१७ उजाडलं.

पुढच्या क्रूझवरची सवलत हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत कार्निव्हल ट्रायम्फ या बोटीच्या इंजिनला मेक्सिकोच्या आखातात आग लागली. चार हजारांवर माणसं कित्येक दिवस विजेवाचून आणि धड संडासावाचून समुद्रावर अडकली. त्यांना पूर्ण पैसे परत, वर ५०० डॉलर आणि पुढच्या क्रूझसाठी, या क्रूझला भरलेल्या रकमेइतकं क्रेडिट मिळालं. ओरड इतकी झाली की त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडाने क्रूझ अर्धवट राहिली तर काही पैसे परत, घरापर्यंत पोचवणं, मध्ये रात्र पडली तर राहायची सोय, आणि काय चाललंय याची वेळेवर माहिती, असं त्यात आहे. तुम्हाला हॉटेल आणि विमान मिळालं ते या धंद्याने स्वतःच कबूल केलेलं किमान आहे. त्याचं ओझं मनावर घेऊ नका. सवलतीच्या कूपनला तर तुमच्या हिशोबात शून्य धरा. पाण्याच्या पंपाला दचकणारा माणूस पुन्हा बोटीवर चढेल की नाही हे काकांनी ठरवायचं.

मग हक्काचं काय आहे? बोट बुडणं, उलटणं, धडकणं, खडकावर चढणं, आग लागणं, यांना अथेन्स करार जहाज-अपघात म्हणतो. अशा अपघातात प्रवाशाला शारीरिक इजा झाली तर माणशी २,५०,००० एसडीआरपर्यंतच्या नुकसानीला कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. युद्ध किंवा कुणाही माणसाच्या आवाक्याबाहेरची नैसर्गिक आपत्ती अशा मोजक्या सबबी सोडल्या तर कंपनीला सुटका नाही. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. रुपयांत ही मर्यादा तीन कोटींच्या आसपास जाते. तिच्यावर ४,००,००० एसडीआरपर्यंत, आपली चूक नव्हती हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ही कमाल मर्यादा आहे, एवढे मिळतील असा अर्थ काढू नका. खांद्याचं जेवढं नुकसान दाखवता येईल तेवढंच मिळेल. पण ओझं कुणाच्या डोक्यावर आहे ते पाहा. माणशी किमान २,५०,००० एसडीआरचा विमा सक्तीचा आहे आणि इजेसाठी थेट विमा कंपनीवरही दावा करता येतो.

युरोपीय नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्हाला कुणी सांगितली नसणार. इजा झालेल्या प्रवाशाच्या तातडीच्या गरजांसाठी कंपनीने पंधरा दिवसांत आगाऊ रक्कम द्यायची असते. ती घेतली म्हणजे तडजोड झाली असं होत नाही, आणि दिली म्हणजे कंपनीने दोष कबूल केला असंही होत नाही. पुढच्या भरपाईतून ती वळती होते, एवढंच. खांद्याचा एमआरआय, फिजिओथेरपी, श्रवणयंत्र यांसाठी आत्ता हात आखडला असेल तर फॉर्मवर सही न करता ही आगाऊ रक्कम मागा. मी तर म्हणेन, मागाच.

आता फॉर्म काढून समोर ठेवा. त्यात "रिलीज" किंवा "डिस्चार्ज" या मथळ्याखालचा परिच्छेद शोधा. "ज्ञात आणि अज्ञात सर्व दावे" अशा अर्थाचे शब्द तिथे बहुधा सापडतील. अज्ञात म्हणजे उद्या खांद्याचं ऑपरेशन निघालं तरी ते यात आलं. पुढे बघा, सोडून देताय ते फक्त कंपनीविरुद्ध आहे की तिच्या "एजंट आणि सहयोगी" सगळ्यांविरुद्ध, कारण तसं असेल तर पुण्यातली ट्रॅव्हल कंपनीही त्यात सुटते. तिची घाई त्यामुळेच आहे असा माझा दावा नाही, पण तिचा सल्ला त्रयस्थाचा नाही एवढं धरून चाला. गुप्ततेची अट असेल तर तिच्यावर खूण करा. कुठल्या देशाचं कोर्ट, तेही पाहा. अमेरिकेत १९९१ मध्ये क्रूझवर पडून जखमी झालेल्या एका बाईचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि तिकिटावर फ्लोरिडाचं कोर्ट छापलंय म्हणून तिकडेच जा, असा निकाल लागला. ती बाई देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात राहणारी. अथेन्स करारात मात्र काही ठिकाणांतून निवड दावेदाराची असते, आणि ती आधीच्या अटीने हिरावता येत नाही. अपघातानंतर तुम्ही स्वतः मान्य केलंत तर गेली.

मेल असा लिहा. इंग्रजी मुलाकडून करून घ्या, पण मजकूर एवढाच असू दे: "आपला अमुक तारखेचा प्रस्ताव मिळाला. आम्ही तो स्वीकारलेला किंवा नाकारलेला नाही. माझ्या पतीच्या खांद्याला झालेल्या इजेवर आणि मानसिक त्रासावर उपचार चालू असून त्यांचा अंतिम अहवाल आलेला नाही. सामानाची यादी सोबत जोडली आहे. क्रूझचे पैसे कोणत्याही अटीविना परत करावेत. इजेपोटी नियम ३९२/२००९ नुसार आगाऊ रक्कम द्यावी. आपल्या विमा प्रमाणपत्राची प्रत आणि त्या रात्रीच्या आमच्या वैद्यकीय तपासणीची नोंद पाठवावी. आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून हे लिहीत आहोत." शेवटचं वाक्य गाळू नका. रागाचं एकही वाक्य घालू नका. फोन आला तर ऐकून घ्या आणि "लेखी पाठवा" म्हणा.

सामानाचं थोडं कटू आहे. केबिनमधल्या सामानाला माणशी २,२५० एसडीआर, म्हणजे साधारण अडीच लाखांवर, अशी मर्यादा आहे आणि थोडी वजावट होऊ शकते. हरवलेल्या वस्तू पंधरा दिवसांत लेखी कळवायच्या असतात. ते दिवस उलटले असले तरी दावा बुडत नाही, फक्त सिद्ध करायचं काम तुमच्याकडे येतं, आणि बोट खडकावर असताना तुमची बॅग तुम्हाला मिळाली असं कोण म्हणेल? श्रवणयंत्र यादीत वेगळं लिहा. विशेष साधनांची भरपाई नव्याच्या किमतीने धरायची तरतूद त्या नियमात आहे, ती दाखवून मागा. मंगळसूत्राचं मात्र अवघड आहे. दागिने आणि रोकड कंपनीकडे रीतसर सांभाळायला दिली असेल तरच तिची जबाबदारी येते, आणि केबिनमधली तिजोरी त्यात सहसा धरत नाहीत. तरी यादीत लिहा. सराफाची पावती शोधा, नसेल तर कार्यात घातलेल्या मंगळसूत्राचा फोटो जोडा. बोट हलवल्यावर केबिनी रिकाम्या करतात तेव्हा केबिन नंबरनिशी नोंद असलेली वस्तू परत येण्याची शक्यता राहते.

प्रवास विमा काढला होतात का, ते पत्रात नाही. ट्रॅव्हल कंपन्या बहुधा पॅकेजमध्येच घालतात आणि पॉलिसी मेलवर पडून असते. ती आज शोधा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. या फॉर्मवर सही करण्याआधी तर नक्कीच, कारण विमेवाल्यांनी तुम्हाला पैसे दिले की ते जहाज कंपनीकडून वसूल करण्याचा हक्क त्यांच्याकडे जातो. तो तुम्ही परस्पर सोडून दिलात, तर तुमचाच क्लेम अडकू शकतो.

ट्रॅव्हल कंपनीचा "संबंध नाही" हे मला मान्य नाही. बोट खडकावर तिने नेली नाही, हे खरं. पण पॅकेज तिने विकलं, पैसे तिने घेतले. माहितीपत्रकात चोवीस तास मदत, मराठी बोलणारा सहल-व्यवस्थापक, क्रूझनंतरची शहरदर्शनं असं जे लिहिलं होतं आणि मिळालं नाही, त्याचा जाब तिलाच द्यावा लागेल. यासाठी जिल्यो किंवा फ्लोरिडा गाठायला नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात, आणि तीही ऑनलाइन. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत इथेही दोन वर्षांची. पावतीवर लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली. अशा तक्रारी मांडून द्यायला मदत करणारे कार्यकर्ते या शहरात अजून भेटतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळदा तेवढ्यावर ट्रॅव्हल कंपनीचा मालक स्वतः फोन करतो.

आता काका. पैशाच्या मागे लागायचं नाही, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, त्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पिढीला वाचणं हीच भरपाई वाटते. तो विचार त्यांचा आहे, त्यावर वाद घालू नका. पण अपघाताला महिना होत आला तरी माणूस पहाटे उठून बूट घालत असेल, तर शरीर अजून त्या रात्रीतच आहे. आघातानंतरच्या तणावाचा हा ओळखीचा प्रकार आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. "मनाला लावून घेऊ नका" असं घरातल्या कुणीही म्हणू नये. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ते तयार नसतील तर आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, त्यांचं ऐकतील. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात. श्रवणयंत्राची सोयही दाव्याची वाट न बघता करा. नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला भीती जास्त वाटते, मागून येणारा प्रत्येक आवाज नवा असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून पंपाची वेळ थोडी पुढे ढकलता आली तर बघा. हे सगळं काका बरे व्हावेत म्हणून करायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि बिलं फाइलला लागतील, तो त्याचा दुय्यम उपयोग.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत, काकू. बोटीवर तुम्हीही होतात. डॉक्टरांकडे दोघांनी जा.

आणखी एक काम लवकर करा. दोघांनी वेगवेगळं बसून त्या रात्रीचं आठवेल तसं लिहून काढा. धक्का कधी बसला, कोणत्या घोषणा झाल्या, केबिनमध्ये जा म्हणून कुणी सांगितलं, लाइफ जॅकेट कुठे मिळालं, पहिली लाइफबोट किती वाजता सुटली. बोट बंदरातून निघण्याआधी लाइफबोटीची कवायत झाली होती का, हे नक्की लिहा. कॉन्कॉर्डियावर त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. मोबाइलमधले फोटो, व्हॉट्सअॅपवर मुलांना पाठवलेले निरोप, काहीही पुसू नका.

त्या सिंधुदुर्गातल्या मुलाची तुम्ही आठवण काढलीत, फार बरं वाटलं. असल्या अपघातात सगळ्यात कमी बोललं जातं ते कामगारांबद्दल. टायटॅनिक बुडाली त्या तारखेपासून मालकांनी खलाशांचा पगार बंद केला होता. कॉन्कॉर्डियावर दोनशेच्या आसपास भारतीय कामाला होते. त्यांतला मुंबईकडचा एक वेटर प्रवाशांना मदत करताना गेला आणि त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. जवळजवळ तीन वर्षं घरच्यांनी वाट पाहिली. आज २००६ च्या सागरी कामगार करारामुळे जहाज बुडून नोकरी गेली तर बेकार राहिलेल्या दिवसांचा पगार द्यावा लागतो, पण दोन महिन्यांपुरती मर्यादा घालता येते. म्हणून दोन गोष्टी करा. कंपनीला एक वेगळं पत्र लिहून त्या मुलाने काय केलं ते सविस्तर सांगा आणि त्याच्या नोंदीत ठेवा म्हणा. हे पत्र दाव्याच्या मेलमध्ये मिसळू नका, आणि "जनरेटरचा बिघाड" हे कुणी सांगितलं ते लिहिताना त्याचं नाव चुकूनही येऊ देऊ नका. त्याला पुढच्या बोटीवर काम मिळायचंय. त्याचा फोन लागला तर विचारा, पगार आला का. आला नसेल तर मुंबईला नौवहन महासंचालनालय आहे, नाविकांची युनियन आहे, तिथे त्याला दाद मागता येईल.

राहिली माफी. ती मागून मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण त्या रात्री नेमकं काय झालं हे कळण्याचा मार्ग आहे. एवढ्या मोठ्या अपघाताची चौकशी ज्या देशाचा झेंडा बोटीवर आहे, किंवा ज्याच्या किनाऱ्यावर ती चढली, तिथल्या स्वतंत्र अपघात-तपास यंत्रणेकडे जाते. ती शिक्षा देत नाही, कारणं शोधते आणि अहवाल प्रसिद्ध करते. प्रवाशांनी लिहून पाठवलेली माहिती तिला हवी असते. तुम्ही दोघांनी लिहिलेलं टिपण तिकडे पाठवा. काकांना पैशाचा दावा नको असेल, तरी या कामाला ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

सही करायचीच असं पुढे-मागे ठरलं, तर खांद्याचा शेवटचा अहवाल हातात आल्यावर, रक्कम लिहून मागून, आणि सागरी दावे पाहणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवून करा. असे वकील मुंबईत जास्त, पण कागद मेलवरही बघतात. आजचा मेल मात्र वकिलासाठी थांबवू नका. रात्री पाठवा, पोच आली की जपून ठेवा, आणि कंपनीचं उत्तर आलं की मला कळवा.